आधी शहरी केंद्रं वगळा, मग तुलना करा

जानेवारी २०२० च्या नागपूर जिल्हा परिषद निवडणुकीत काँग्रेसनं 'दणदणीत' विजय मिळवला, असं एका लेखात म्हटलंय. विधानसभेशी तुलना करणारं 'ऑक्टोबर २०१९ ला हिंगणा, कामठीत भाजप पुढे होता, अडीच महिन्यांत मतदार फिरला' हे त्या लेखातलं वाक्य घाईचं आहे. विधानसभेची आणि जिल्हा परिषदेची मतदारयादी एक नाही. कामठी, वानाडोंगरी, महादुला, मौदा इथले लोक विधानसभेला मत देतात, पण नगर परिषद किंवा नगर पंचायत असल्यानं जिल्हा परिषदेला त्यांचं मतच नसतं. कामठी कॅन्टोन्मेंटही (लष्करी छावणी) बाहेर. तुलना करायचीच तर विधानसभेचा फॉर्म २०, म्हणजे मतदान केंद्रनिहाय मतांचा तक्ता घ्या, शहरी केंद्रं काढा, उरलेली गावाच्या नावानं गणांत (पंचायत समितीचे मतदारसंघ) बसवा आणि दोन गणांचा एक गट (जिल्हा परिषदेचा मतदारसंघ) धरा. केंद्र क्रमांकावरून जोडू नका, दोन्ही याद्यांत ते जुळत नाहीत. इथंच बहुतेकांचे आकडे बिघडतात. आणि एका मतदाराची दोन मतं असतात, गटाचं वेगळं, गणाचं वेगळं. त्यांची बेरीज करून पक्षाची टक्केवारी काढली तर ती फसवी निघते.

काँग्रेस वाढली नाही असं नाही. नितीन गडकरींच्या मूळ गावाचा, धापेवाड्याचा गट भाजपच्या हातून गेला, त्याला शहरी मतांची सबब चालत नाही. पण ५८ पैकी ३० जागा म्हणजे 'दणदणीत' कसं? बहुमताला ३०च लागतात! राष्ट्रवादीचे १० सोबत होते म्हणून काँग्रेस निर्धास्त. मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ओबीसींसाठी राखीव १६ जागा रिकाम्या झाल्या, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या पोटनिवडणुकीत त्यातल्या ९ काँग्रेसनं घेतल्या. खरी कसोटी ती होती, लेखात तिचा उल्लेखही नाही.