म्हणे, कमी मीठ परवडत नाही!

कमी मीठ खायचं तर खिसा जड हवा, असं सांगणारा एक मजकूर बराच काळ या हातातून त्या हातात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कमी सोडियमचे (सोडियम म्हणजे मिठातला रक्तदाब वाढवणारा घटक) पदार्थ महाग असतात, ताज्या भाज्या परवडत नाहीत, त्यामुळे जपून खर्च करणाऱ्याला डबाबंद आणि पाकीटबंद खाण्यावाचून इलाज नसतो. मीठ कमी केलं की अन्न बेचव होतं आणि शेवटी टाकून द्यावं लागतं. घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच. आणि इतकीच काळजी असेल तर साधं मीठ सोडा, गुलाबी मीठ आणा. शेवटचा शेरा असा की डॉक्टरांचा हा सल्ला पैसेवाल्यांसाठी आहे, इतरांनी मनावर घेऊ नये.

यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं. तेव्हा सगळं एका फटक्यात उडवून न लावता एकेक मुद्दा सुटा करून बघू.

"कमी सोडियमचे पदार्थ महाग असतात"

हो, असतात. पुढच्या बाजूला 'कमी सोडियम' असं ठळक छापलेलं सूप किंवा सॉस शेजारच्या साध्या बाटलीपेक्षा बहुधा महाग मिळतं. पण इथे एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे: कमी मीठ खायचं म्हणजे मीठ काढलेला पदार्थ विकत आणायचा. मुळात ज्यात मीठ घातलेलंच नाही ते काढायचं कुठून? तांदूळ, गहू, ओट्स, कोरड्या डाळी, वाळलेलं कडधान्य, बटाटे, कांदे, कोबी. किराण्याच्या यादीतल्या सगळ्यात स्वस्त ओळी याच असतात आणि त्यांत वरून घातलेलं मीठ शून्य असतं. बिनमिठाच्या पाण्यात शिजवलेल्या डाळीत १०० ग्रॅममागे सोडियम जेमतेम दोन-चार मिलिग्रॅम निघतं. मिठाच्या पाण्यात डबाबंद केलेल्या कडधान्यात तेच दोन-तीनशेच्या घरात जातं. शिवाय डब्याच्या वजनात पाणीही असतं, तर कोरडं कडधान्य भिजून-शिजून दुपटीहून जास्त होतं.

खरी अडचण पैशांची कमी आणि वेळेची जास्त आहे, हे मात्र कबूल करायला हवं. कडधान्य रात्री भिजत घालायला आठवण लागते, शिजवायला इंधन लागतं आणि दोन पाळ्या करून घरी आलेल्या माणसाला डबा उघडणं सोपं वाटतं, त्यात त्याचा दोष नाही. यावर माझ्याकडे जादू नाही. एकदाच मोठं भांडं लावून, निवल्यावर भाग करून फ्रीजमध्ये ठेवावं. तीन-चार दिवस टिकतं, फ्रीझरमध्ये त्याहून पुष्कळ जास्त. (राजमा असेल तर भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात चांगला खळखळून उकळावा. नुसत्या मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा पोट बिघडवतो.)

"ताज्या भाज्या परवडत नाहीत"

मग ताज्या घेऊ नका. गोठवलेल्या साध्या भाज्या चालतात. मात्र पाकिटावर घटकांच्या जागी फक्त भाजीचं नाव असावं, सॉस किंवा मसाला नको. डबाबंदच मिळत असतील तर डब्यातलं पाणी ओतून द्या आणि दाणे चाळणीत नळाखाली धुवा. डबाबंद कडधान्यातलं सोडियम एवढ्यानंच सुमारे ४० टक्क्यांनी उतरतं.

"पाकीटबंद खाण्याला पर्याय नाही"

हा मुद्दा नीट उलगडायला हवा, कारण मीठ घरात कुठल्या दारानं येतं हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते माहीत नसताना केलेली काटकसर फुकट जाते. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांच्या पोटात जाणाऱ्या सोडियमपैकी सुमारे ७१ टक्के कारखान्यात किंवा हॉटेलात तयार झालेल्या खाण्यातून येत होतं. घरी शिजवताना घातलेलं मीठ होतं जेमतेम ५-६ टक्के, ताटात वरून घेतलेलंही तेवढंच. चीनमध्ये काही वर्षं आधी झालेल्या पाहणीत चित्र नेमकं उलटं होतं, तिथे बहुतेक मीठ घरच्याच कढईत पडत होतं. पहिल्या प्रकारच्या घरात मिठाची बरणी लपवून काही साधत नाही. दुसऱ्या प्रकारच्या घरात पाकिटं वाचत बसण्यात अर्थ नाही.

आपलं घर कोणत्या प्रकारचं हे कळायला एक बिनखर्ची चाचणी आहे. मिठाचं पाकीट फोडलं की त्यावर तारीख लिहून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. चार मोठ्यांच्या घरात त्याचे होतात दिवसाला २० ग्रॅम. त्या हिशेबानं १ किलोचं पाकीट ५० दिवस पुरायला हवं, तेही बाहेरून काहीच खारट आलं नाही असं धरून. तेच पाकीट महिन्यात संपत असेल तर पाव, सॉस, चिप्स हे सगळं सोडूनही माणशी ८ ग्रॅमच्या वर हिशेब जातो. पास्ता उकळताना पाण्याबरोबर ओतून दिलेलं किंवा पदार्थ मुरवायला वापरलेलं मीठ वजा करा, पण दिशा कळते. जगाची सरासरी १० ग्रॅमच्या पुढे आहे, तेव्हा आकडा मोठा निघाला तर घाबरून जायचं कारण नाही, एकटे आपणच नाही.

पाकीट मात्र लवकर संपत नसेल आणि रक्तदाब तरी वाढलेला असेल, तर मीठ दुकानातून मुरून येत असण्याची शक्यता धरा. इथे कामाला येतो तो पाकिटामागचा तक्ता. समोरच्या बाजूची मोठी अक्षरं सोडून द्यायची आणि तक्त्यातला १०० ग्रॅमचा आकडा बघायचा, 'एका वाढपाचा' बघायचा नाही, कारण ते वाढप किती मोठं हे कंपनी ठरवते. आकडा सोडियमचा असेल तर त्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. ब्रिटनमध्ये वापरतात तो ठोकताळा सोपा आहे: १०० ग्रॅममागे १.५ ग्रॅमच्या वर मीठ असेल तर जास्त, ०.३ ग्रॅमपर्यंत असेल तर कमी. एकाच फळीवरच्या, जवळपास एकाच किमतीच्या दोन पावांत किंवा दोन सॉसांत मिठाचा मोठा फरक निघतो. मीठ ही कारखान्याला मिळणारी सगळ्यात स्वस्त चव, त्यामुळे महाग माल कमी खारट असेलच असं अजिबात नाही. दोन पाकिटं उलटून बघायला पैसे पडत नाहीत.

पावावर मी मुद्दाम भर देतोय. तो खारट लागत नाही म्हणून संशयाच्या यादीत येत नाही, पण रोज आणि भरपूर खाल्ला जातो. ब्रिटनमध्ये २००१ ते २०११ या काळात पावातलं मीठ सुमारे २० टक्क्यांनी हळूहळू उतरवलं आणि लोक पाव खात राहिले.

पाकिटातले नूडल्स सोडवत नसतील तर मसाल्याची पुडी अर्धीच टाका. एका पाकिटात कित्येकदा १५०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं, म्हणजे दिवसाच्या २००० मिलिग्रॅमच्या (५ ग्रॅम मिठातल्या सोडियमच्या) मर्यादेतला तीन चतुर्थांश वाटा एका वाडग्यात, आणि त्यातला मोठा भाग त्या पुडीत. सूपच्या वडीचंही तेच, अर्धी पुरते. खाण्याचा सोडाही विसरू नका, चमचाभर सोड्यात १२०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं आणि जिभेला त्याचा पत्ता लागत नाही.

"बेचव होतं आणि टाकून द्यावं लागतं"

एका रात्रीत निम्मं मीठ काढलंत तर होईलच तसं. घरातले सगळे ताट सरकवतील आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या नावानं खडे फोडतील. जिभेची सवय आठवड्यांच्या हिशेबानं बदलते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना पाच महिने कमी सोडियमच्या आहारावर ठेवलं, तेव्हा त्यांना आवडणारं मिठाचं प्रमाणच खाली आलं. आधी रुचणारं त्यांना खारट लागू लागलं. म्हणून चिमटीनं अंदाजे घालणं थांबवून चमच्यानं मोजायचं, दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं उतरवायचं आणि कुणाला सांगायचं नाही. हे शेवटचं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. 'आजपासून कमी मीठ' असं जाहीर केलेल्या पदार्थात प्रत्येकाला काहीतरी कमी सापडतंच.

चव भरून काढायला महाग मसाले लागत नाहीत. आंबटपणा खारटपणाची उणीव बरीच झाकतो, त्याला लिंबाचे चार थेंब किंवा थोडंसं व्हिनेगर पुरतं. कांदा-लसूण घाईनं न परतता नीट लाल होऊ द्यावा. रस्सा आटतो तसा खारट होत जातो, म्हणून मीठ सुरुवातीला न टाकता उतरवताना टाकावं, कमी लागतं. कोरड्या पदार्थावर शेवटी वरून भुरभुरलेलं मीठ थेट जिभेला भेटतं, त्यामुळे आत मुरवलेल्यापेक्षा थोडक्यात भागतं. अजिनोमोटोचं नाव काढलं की काहीजण दचकतात, पण त्यात वजनाच्या जेमतेम १२ टक्के सोडियम असतं आणि मिठात सुमारे ३९. थोडं मीठ कमी करून त्या जागी चिमूटभर ते घातलं तर एकूण सोडियम उतरतं. नको असेल तर घालू नका, पण मिठापेक्षा वाईट म्हणून नाकारू नका.

आणि खारट झालेल्या रश्श्यात बटाटा टाकून मीठ 'शोषून' काढायची युक्ती: बटाटा खारट पाणी पितो, मीठ निवडून घेत नाही. उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. त्यापेक्षा पाणी आणि बिनमिठाची डाळ वाढवा, दोन जणांचं पोट जास्त भरेल.

"घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच"

लागतं, पण शरीराची मूळ गरज दिवसाला ५०० मिलिग्रॅम सोडियमच्याही आत आहे. कमी पडायला लागलं की अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावतं. उन्हाची सवय झालेल्या माणसाच्या घामातही मीठ कमी होत जातं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून जास्त लोकांच्या लघवीतलं सोडियम मोजलं होतं. त्यात अमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोकही होते. त्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नाहीच. ते उष्ण जंगलात कष्टाची कामं करत होते आणि त्यांचा रक्तदाब वयाबरोबर वाढतही नव्हता.

उलट बाजूही आहे. २०१४ साली प्युअर या मोठ्या अभ्यासानं म्हटलं की दिवसाला ३ ते ६ ग्रॅम सोडियम खाणाऱ्यांना हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका सर्वांत कमी, त्याहून कमी खाणाऱ्यांना जास्त. पण तो अंदाज सकाळच्या लघवीच्या एकाच नमुन्यावरून बांधला होता आणि दिवसभराचं सोडियम ओळखायची ही पद्धत कच्ची असल्याची टीका लगेच झाली. शिवाय वाद आहे तो अगदी खालच्या टोकाबद्दल. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाणारा ७ वर आला तर त्यानं काही बिघडत नाही. जुलाब-उलट्या, रणरणत्या उन्हातलं तासन्तासांचं काम, अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींचे काही आजार, लघवी वाढवणारी औषधं घेणारी वयस्क माणसं, यांची गोष्ट वेगळी. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

"गुलाबी मीठ आणा"

गुलाबी काय, समुद्री काय, बहुतांश भाग सोडियम क्लोराइडच. रंग देणारी खनिजं इतकी थोडी असतात की त्यांच्यापासून फायदा व्हायचा तर मीठ मुठीनं खावं लागेल. जाड खड्याच्या चमच्यात हवा जास्त म्हणून मीठ कमी बसतं, तराजूवर फरक दिसत नाही. त्यात पुष्कळदा आयोडीन घातलेलं नसतं. काटकसर करणाऱ्यानं जास्त पैसे देऊन आयोडीन गमवावं, हा सल्ला कमी मिठाला विरोध करणाऱ्या मजकुरातच यावा, याची गंमत वाटते.

"हे सगळं पैसेवाल्यांसाठी"

हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे तीन चतुर्थांशाहून जास्त मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. मिठाच्या बदलाचा एक मोठा पुरावाही शहरातल्या सधन घरांतून आलेला नाही. ग्रामीण चीनमधल्या ६०० गावांत जवळपास २१ हजार लोकांवर हा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. हे लोक एकतर पक्षाघात होऊन गेलेले, किंवा साठी ओलांडलेले आणि रक्तदाब वाढलेले. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ राहू दिलं. उरलेल्या गावांत दिलेल्या मिठात साधारण पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड (सोडियम नसलेला खारट क्षार) होतं. स्वयंपाक तोच, चूल तीच. जवळपास पाच वर्षांत दुसऱ्या गटात पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेनंही जानेवारी २०२५ मध्ये घरगुती वापरासाठी असं मीठ सुचवलं. ते साध्या मिठापेक्षा महाग असतं, पण मीठ हा एकूण किराण्यातला इतका लहान खर्च आहे की पाकीटबंद खाण्यातली एखादी वस्तू वगळली तरी तो भरून निघतो.

फक्त मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, किंवा शरीरात पोटॅशियम साठू देणारी रक्तदाबाची औषधं चालू असलेल्यांनी, हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये. त्यांच्यासाठी आयोडीनयुक्त साधं मीठच बरं, चमच्यानं मोजून.