शेटची गल्ली सोडून

आज १४ ऑगस्ट. सकाळी दूध उतू जायच्या आत दहावीच्या ग्रुपवर फोटो येऊन पडला. फाळणीची रेल्वे, टपावर माणसंच माणसं, खाली लाल अक्षरांत 'कधीच विसरणार नाही'. त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात. आणि चौथ्या मिनिटाला त्याच मित्राचा पुढचा मेसेज, उद्या सुट्टी हाय, पन्हाळा करायचा का? श्रावण नसता तर तांबडा-पांढराही ठरला असता.

मी लिहिलं, अरे बाबा, गांधीनगर आपल्या कोल्हापूरपासून रिक्षानं अर्ध्या तासावर. तिथल्या एकाला तरी कधी विचारलंस का, तुम्ही कुठून आलात म्हणून? उत्तर आलं, "विषय हार्ड करू नको."

करते. आज करतेच.

१९९३ साल. अक्काचं लग्न ठरलेलं आणि आम्ही नऊ जण बस्ता बांधायला गांधीनगरला. पांढऱ्या गादीवर पाय दुमडून बसलोय, शेट साड्यांवर साड्या उलगडतायत आणि बोलतायत अस्सल कोल्हापुरी. आबांनी सहज विचारलं, "शेट, मूळ गाव कंचं?"

"शिकारपूर."

"हे कुठं आलं?"

"सिंधमधी. आता पाकिस्तानात."

आबा तापले. त्यांना वाटलं, शेटची बाजू घ्यावी. म्हणाले, "बाँबच टाकाय पायजे त्यांच्यावर."

शेट साडीची घडी घालत होते. तसेच घालत म्हणाले, "टाका की पाहुणं. फक्त आमची गल्ली तेवढी सोडून टाका."

सगळे हसलो. आबा तर मांडीवर थाप मारून हसले.

ती दुकानं ज्या जमिनीवर उभी आहेत, तिथं १९४३ ते १९४८ वळिवड्याचा कॅम्प होता. पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडमध्ये एका बाजूनं जर्मनी घुसली, सतराव्या दिवशी दुसऱ्या बाजूनं रशिया. रशियानं लाखोंना उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. त्यातली जगली-वाचलेली इराणमार्गे आपल्याकडं आली. ती गेली आणि त्याच बराकींत सिंधी आले. त्यातले बरेचसे कराचीच्या बंदरातून, आणि मजा बघा, पोलिशांतलेही कितीतरी आधी कराचीलाच उतरलेले.

आता पोलिश पाहुणे येतात. लहानपण वळिवड्यात गेलेली म्हातारी माणसं येऊन गेली, रडून गेली, आपण हार घातले, पेपरात फोटो आले. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. अभिमान आहेच, मलाही आहे. पण शेटच्या शिकारपूरला जाऊन रडायचं झालं तर? व्हिसा कोण देतंय? तिकडून हार घेऊन कोण उभं राहणार आहे? ज्या माणसाचं सगळं गेलं त्याला परत बघायची सोय नाही, आणि ज्याचं काहीच गेलं नाही तो लाल अक्षरांत 'विसरणार नाही' लिहितोय. अरे, तुला आठवायला आहे काय मुळात?

जरा जास्तच झालं. पाणी पिऊन आले.

तर त्या दिवशी पैसे मोजून झाल्यावर आबांनी पुन्हा विचारलंच, "एवढं काय ठेवलंय ओ त्या गल्लीत?" शेट म्हणाले, "झोपाळा." लाकडी, मोठा, त्यांची आई त्यावर बसून भाजी निवडायची. निघायच्या दिवशी पोरं उतरून पळाली तरी तो हलतच होता. आईनं सामान खाली ठेवलं, हातानं झोपाळा थांबवला आणि मग बाहेर पडली. शेट तेव्हा बारा वर्षांचे.

हे कुठल्या स्टेटसमध्ये मावतं सांगा.

पोलंडची साठ लाख माणसं दुसऱ्या महायुद्धात गेली. तरी १९६५ मध्ये तिथल्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिलं, आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतोही. मार खाल्लेल्यांनी 'मागतोही' लिहिलं! सरकार खवळलं, घरच्यांनीच शिव्या घातल्या. पाच वर्षांनी पश्चिम जर्मनीचा चान्सलर विली ब्रँट वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढं गुडघ्यावर बसला. आणि रशिया? कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी मिळून १९४० मध्ये बावीस हजारांच्या आसपास पोलिश कैदी मारले आणि १९९० पर्यंत सांगत राहिले, ते आम्ही नाही, जर्मनांनी. पन्नास वर्षं. ती जखम अजून ओली आहे.

आपण दोघं शेजारी यातले कुठले? तिकडं आजचा दिवस झेंड्याचा, रोषणाईचा. त्यात १९४७ च्या मार्चमध्ये रावळपिंडीकडं कापलेले शीख कुठं बसणार? आणि इकडं २०२१ पासून आजचा दिवस विभाजन विभीषिका स्मृती दिन. बरं झालं, पाहिजेच होता. पण प्रेतांनी भरलेल्या गाड्या लाहोरलाही पोचल्या होत्या, त्या आपल्या फोटोत का नाहीत?

हो, २६/११ माहीत आहे, पहलगामही. आणि जर्मनी हरली होती म्हणून वाकली, हेही माहीत आहे. मान्य. म्हणून काय विचारायचंच नाही?

कारगिलच्या वेळी आमच्या घरात टीव्हीपुढं गल्ली गोळा झालेली. कुणीतरी ओरडलं, उडवा सगळं! आबा कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाले, "शेटची गल्ली सोडून." कुणाला कळलं नाही. आम्हाला घरच्यांना कळलं. मग आबांची ती सवयच झाली. मॅच असली तरी म्हणायचे.

आबा गेले, शेटही गेले. मागच्या दिवाळीत पडद्याचं कापड आणायला त्याच दुकानात गेले होते. गादी गेली, काचेचं काउंटर आलंय. मुलगा बसतो, माझ्याच वयाचा. बिल करता करता म्हटलं, तुमच्या वडिलांनी आम्हाला एकदा शिकारपूरच्या झोपाळ्याचं सांगितलं होतं.

त्याचा हात थांबला.

"कसला झोपाळा, ताई?"

मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं. मी पिशवी काउंटरवर ठेवली आणि अक्काच्या बस्त्यापासून सांगायला सुरुवात केली.