तो फोटो झाशीच्या राणीचा नाही

जून महिना लागला की माझ्या फोनवर तो फोटो येतोच. यंदा तीन ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या घरचा. तपकिरी पडलेला कागद, अंगभर दागिने ल्यालेली एक तरुणी आणि खाली मजकूर: ‘झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा एकमेव खरा फोटो. 1850 साली हॉफमन या छायाचित्रकाराने काढला. 2009 साली भोपाळच्या प्रदर्शनात ठेवला होता. प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा.’ आमच्या मोठ्या काकांनी खाली हात जोडले होते. राणीबद्दल माझ्या मनातही तोच आदर आहे, आणि म्हणूनच तिच्या नावाने दुसऱ्याच कुणा बाईपुढे हात जोडले जातात हे मला बघवत नाही.

आधी हॉफमनचं बघू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. आपल्याकडच्या छायाचित्रणाच्या इतिहासात हॉफमन हे नाव येतं ते कोलकात्याच्या ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ या स्टुडिओमुळे. राजेरजवाड्यांचे, बड्या घराण्यांचे फोटो काढणारा हा मोठा स्टुडिओ. पण तो सुरू झाला 1880च्या दशकात. राणी ग्वाल्हेरला धारातीर्थी पडली 1858च्या जूनमध्ये. मधे वीसहून जास्त वर्षं गेली. 1850 साली याच नावाचा दुसरा कुणी छायाचित्रकार होता म्हणावं, तर तो कोण, कुठला, झाशीला कधी गेला, यावर मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

‘1850 साली काढला’ हा दावा फोटोच्या कागदावरही टिकत नाही. छायाचित्रण तेव्हा भारतात नव्हतंच, असं काही जण उत्तर देतात. ते चूक आहे. डॅगेरोटाइपची रीत पॅरिसमध्ये 1839 साली जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी कोलकात्यात तिचे कॅमेरे विकायला होते. पण डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा. आरशासारखा चकाकणारा, एकच प्रत निघणारा. कागदावर फोटो उमटवण्याची टॅलबट या इंग्रज संशोधकाची रीतही होती, पण त्यात निगेटिव्हच कागदाची असल्यामुळे कागदाचे तंतू चित्रात उतरायचे आणि बारीक तपशील मऊ पडायचे. फिरणाऱ्या फोटोत मात्र मोत्याचा दाणा न् दाणा मोजता येतो. असा रेखीव, तपकिरी छटेचा कागदी फोटो सर्रास मिळू लागला तो काचेच्या निगेटिव्हवरून अंड्यातल्या पांढऱ्या बलकाच्या कागदावर छापायला लागल्यावर. काचेवर कलोडियन हे चिकट द्रावण लावून निगेटिव्ह काढण्याची रीतच मुळी 1851 साली जाहीर झाली. मुंबईत छायाचित्रकारांची पहिली संस्था 1854ची, एल्फिन्स्टनमधला छायाचित्रणाचा वर्ग 1855चा. मुंबईत ही स्थिती असताना, देशात प्रवाशांची रेल्वे धावायच्याही आधी, कोलकात्याहून कुणी झाशीला जातो, पडद्यातल्या राणीला कॅमेऱ्यासमोर बसवतो आणि त्याची नोंद ना संस्थानच्या दप्तरात, ना इंग्रजांच्या कागदात! मला तरी हे पटत नाही.

काहींनी मला लिहिलं, ‘1850 चुकलं असेल, साल पुढे घ्या.’ घेऊ. 21 नोव्हेंबर 1853 रोजी राणीचे पती गंगाधरराव वारले. त्यानंतरच्या राणीचं वर्णन आपल्याकडे मराठीत आहे, डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेला गेले, झाशीच्या वेढ्यात अडकले आणि ‘माझा प्रवास’ लिहून गेले. 1907 साली छापून आलेलं हे पुस्तक आजही मिळतं. त्यात राणी कधी पुरुषी पोशाखात दिसते, कधी पांढऱ्या लुगड्यात, अंगावर अगदी मोजके दागिने. फोटोतली बाई दागिन्यांनी मढलेली आहे. म्हणजे साल मागे ठेवलं तर तंत्र आडवं येतं, पुढे घेतलं तर पोशाख.

‘प्रदर्शनात ठेवला होता’ याबद्दल फार लिहायला नको. प्रदर्शनात फोटोखाली जी पाटी लागते ती कुणीतरी लिहिलेली असते, आणि लिहिणाऱ्याकडे काय पुरावा होता हाच तर प्रश्न आहे.

इथे घरचीच एक गोष्ट सांगते. आमच्या ट्रंकेत पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो आहे. मागे बॉलपेनने लिहिलंय, ‘पणजी, लग्नात’. लहानपणापासून मी तेच खरं धरून चालले होते. एकदा पुठ्ठा उजेडात तिरपा धरला, तेव्हा खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का दिसला, नाव आणि टेलिफोन नंबरासकट. आमच्या पणजीच्या लग्नाच्या वेळी त्या गावात टेलिफोन नव्हता. फोटो तिच्या धाकट्या जावेचा निघाला. बॉलपेनचं अक्षर आमच्याच घरातल्या, अतिशय प्रामाणिक माणसाचं होतं. तेव्हापासून मी कुठलाही जुना फोटो आधी उलटा करून बघते. फोनवरच्या फोटोला मागची बाजूच नसते.

1857च्या काळातल्या माणसांचे खरे फोटो आहेत, आणि ते कसे ओळखावेत हेही ठाऊक आहे. बहादूरशहा जफरचा कैदेतला फोटो 1858चा. बादशहा तेव्हा कुठे होता, कुणाच्या पहाऱ्यात होता, याच्या नोंदी आहेत आणि फोटो त्यांच्याशी जुळतो. चित्रांचंही तसंच. शिवाजी महाराजांचं म्हणून एकेकाळी भलत्याच सरदाराचं चित्र छापलं जायचं. ते इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांच्या आधाराने दुरुस्त केलं. यात महाराजांचा मान कमी झाला असं कुणी म्हणालं नाही.

शेवटचा मुद्दा मेसेजमध्ये नाही, पण तो मला सगळ्यांत जास्त ऐकवला जातो: ‘मग आमच्या राणीला चेहराच नाही का?’ फोटो नाही, हे खरं. पण 1854 साली, संस्थान खालसा झाल्यावर, राणीने जॉन लँग नावाच्या वकिलाला सल्ल्यासाठी झाशीला बोलावलं होतं. त्याने भेटीची हकीकत लिहून ठेवली आहे. तो पडद्याच्या अलीकडे, राणी पलीकडे. बोलणं चालू असताना छोट्या दत्तक मुलाने पडदा बाजूला सारला आणि क्षणभर ती दिसली. मध्यम बांधा, डोळे फार सुंदर, नाक नाजूक, चेहऱ्यावर बुद्धीचं तेज. अंगावर साधी पांढरी मलमल. दागिना म्हणावा तर कानात सोन्याची कर्णभूषणं, बाकी काही नाही.

हे वर्णन मी काकांना पाठवलं, आणि शेजारी तो फोटो.