वाईन ६०० वर्षांची असो नाहीतर ६ महिन्यांची, बीपीचं औषध नाही

मामांचा फोन आला, म्हणे रोज रात्री एक ग्लास रेड वाईन सुरू केलीये, बीपीसाठी. मामा ६८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. कारण काय, तर तो फॉरवर्ड: इटलीतलं अँटिनोरी घराणं ६०० वर्षं एकाच कृतीने वाईन बनवतंय, पायांनी तुडवून, केमिकल शून्य, घरचा धंदा म्हणून भेसळ नाही, आणि म्हणून रोज एक ग्लास हृदयाला उत्तम. डोकंच फिरलं माझं.

घराणं जुनं आहे, हे मान्य. १३८५ साली जिओव्हानी दी पिएरो अँटिनोरी फ्लोरेन्सच्या वाईनवाल्यांच्या संघात दाखल झाला आणि आज २६वी पिढी, तीन बहिणी, कारभार बघतायत.

पण एकच कृती? अहो, या घराण्याचं नाव गाजलं तेच कृती मोडून. इटलीतल्या कियांती भागात तेव्हा लाल वाईनमध्ये पांढरी द्राक्षं घालायची रीत होती, नियमातच होती. यांनी १९७१ साली तिन्यानेल्लो नावाच्या वाईनसाठी तो नियम पाळणं सोडलं, वाईन छोट्या ओकच्या पिंपात मुरवली, आणि नियमात बसत नाही म्हणून लेबलवर कियांती न लिहिता साधी 'टेबल वाईन' म्हणून विकली. पुढे १९७५ ला पांढरी द्राक्षं पूर्ण बंद आणि काबेर्ने जातीची द्राक्षं घातली. पायांनी तुडवण्यावर वेळ घालवत नाही, आज तिथे मशीन आणि टाक्या आहेत.

केमिकल शून्य हेही खोटं. द्राक्षरस आंबताना यीस्ट स्वतःच थोडे सल्फाईट तयार करतं आणि बहुतेक वाईनरी वरून अजून घालतात, नाहीतर वाईन खराब होते. युरोपात लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की लेबलवर लिहावंच लागतं. काही दम्याच्या लोकांना त्याचा त्रास होतो, एवढं खरं.

घरचा धंदा म्हणजे शुद्ध? १९८६ साली इटलीत मिथेनॉल घातलेल्या वाईनने वीसेक माणसं गेली, कित्येक आंधळी झाली. तो माल पिएमोंतेतल्या नार्झोले गावच्या बाप-लेकाच्या धंद्यातून आला होता. आडनाव एक असलं म्हणून बाटली तपासायची गरज संपत नाही.

आता हृदय. इथेच माणसाचं नुकसान होतं. थोडी पिणाऱ्यांचं हृदय बरं असतं असं दाखवणारे जुने अभ्यास आहेत, नाही म्हणत नाही, पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी 'न पिणारे' म्हणून जी माणसं मोजली त्यात आजारपणामुळे दारू सोडलेलेही होते, मग पिणारे ठणठणीत दिसणारच ना. आणि हृदयाला चांगलं म्हणून ज्याचं नाव घेतात ते रेसव्हेराट्रॉल, द्राक्षाच्या सालीतलं द्रव्य, वाईनच्या लिटरला जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, धोका पहिल्या थेंबापासून. वाईन, बिअर, व्हिस्की, सगळ्यात तेच इथेनॉल, आणि ते कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, तंबाखूच्या शेजारी. वर दारूने बीपी वाढतं, ज्याच्यासाठी मामा ती घेतायत तेच!

मामा, ग्लास आजच बंद करा, गोळी चुकवू नका, आणि गेल्या काही दिवसांत किती घेतलीत ते डॉक्टरांना खरं सांगा. ज्यांनी ज्यांनी हा फॉरवर्ड ग्रुपवर टाकला त्यांनी तो काढा आणि पुढे ज्यांना पाठवला त्यांनाही कळवा.