‘माया’ नावाविषयीच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘माया’ या नावावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत: मे महिन्याचे नाव ग्रीक देवतेवरून पडले हे माझे विधान चूक आहे, जगभरातली सगळी ‘माया’ ही नावे संस्कृतातूनच गेली असताना मी ते सांगितले नाही, आणि ज्या शब्दाचा अर्थ भ्रम आहे, ते नाव मुलीला ठेवण्यासारखे असल्याचे मी भासवले.

पहिला आक्षेप पूर्णपणे मान्य. मे हे नाव ज्या देवीशी जोडतात ती रोमन माइया. ग्रीक देव हर्मिस याच्या आईशी तिची सांगड पुढे घातली गेली. शिवाय ‘मायोरेस’, म्हणजे वडीलधारी मंडळी, यांच्यावरून हे नाव आले असावे, हाही पर्याय रोमन कवी ओव्हिडने नोंदवला आहे. लेखातले ते वाक्य दुरुस्त केले आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणजे ते एका घरचे ठरत नाहीत. संस्कृत ‘मातृ’, लॅटिन ‘मातेर’ आणि ग्रीक ‘मेतेर’ यांचे नाते आपण मानतो, कारण ध्वनिबदलाचे तेच नियम इतर शेकडो शब्दांतही दिसतात. संस्कृत ‘माया’ हा शब्द सामान्यतः ‘मा’, म्हणजे मोजणे, या धातूशी जोडला जातो. मात्रा, परिमाण, निर्माण हे त्याच धातूचे शब्द. ग्रीक ‘माइया’ म्हणजे दाई किंवा वयस्कर, मायाळू बाई. त्यामागे तान्ह्या बाळाच्या तोंडचा ‘मा’ आहे. हिब्रूत हे नाव ‘मायिम’, म्हणजे पाणी, याच्याशी जोडतात. युरोपात काही ठिकाणी ते मारियाचे लाडके रूप आहे. अमेरिकी कवयित्री माया अँजेलो यांचे जन्मनाव मार्गरिट. धाकटी बहीण म्हणून ‘माय सिस्टर’ म्हणणाऱ्या भावाच्या तोंडून त्यांचे ‘माया’ झाले. यात संस्कृत कोठून आणायचे?

जेथे आपला शब्द खरोखरच गेला, तेथे तो माग काढता येतो. जपानमधील कोबे शहरालगतच्या माया पर्वताचे नाव बुद्धाच्या आईवरून, मायादेवीवरून पडले आहे. हे उदाहरण मूळ लेखात यायला हवे होते, ते राहून गेले.

आता भ्रमाविषयी. ऋग्वेदात ‘इन्द्रो मायाभिः पुरुरूप ईयते’ (६.४७.१८) असे म्हटले आहे, इंद्र आपल्या मायांनी अनेक रूपे घेतो. तेथे माया ही अद्भुत निर्माणशक्ती आहे. त्याच वेदात शत्रूचे कपटही मायाच ठरते, हे खरे; पण म्हणजेच शब्द मुळात चांगला किंवा वाईट नाही, ती शक्ती कोणाच्या हाती आहे यावर त्याचा रंग ठरतो. श्वेताश्वतर उपनिषद ‘मायां तु प्रकृतिं विद्यात्’, म्हणजे माया ही प्रकृती असे जाणावे, असे म्हणते, तर शंकराचार्यांच्या अद्वैताच्या मांडणीमुळे पुढे भ्रम हा अर्थ इतका रूढ झाला की बाकीचे अर्थ झाकले गेले.

मराठीत तर गंमतच आहे. ‘तिची नातवंडांवर फार माया’ म्हणताना भ्रम कोणाच्या मनातही येत नाही, आणि ‘बरीच माया जमवली’ म्हटले की ऐकणारा लगेच भुवई उंचावतो. शिवणकामात शिलाईच्या आत जे जास्तीचे कापड राखतात, त्यालाही मायाच म्हणतात. मूल वाढले की शिलाई उसवून तेवढा झगा मोठा करता येतो. मुलीला हे नाव ठेवणाऱ्याच्या मनात बहुधा यांतला पहिला अर्थ असतो आणि त्याला चूक ठरवण्याइतका मोठा अधिकार मी शंकराचार्यांच्या अनुयायांनाही देणार नाही. म्हणून लेखाचा तो भाग तसाच ठेवत आहे.