कुरडयांची कॅसेट

मे महिन्यातली दुपार. गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या आणि मी मित्राकडून मागून आणलेली कॅसेट डेकमध्ये घातली. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम. सुरुवातीला गाणं नाहीच. पाऊस, गडगडाट, लांबवर चर्चची घंटा, अर्धा मिनिट नुसतं तेच. स्वयंपाकघरातून आई जी सुटली ती थेट गच्चीवर. वर आभाळ कोरडं ठणठणीत. ती खाली आली तोवर टोनी आयोमीची गिटार सुरू झाली होती, आणि माझ्या पाठीत धपाटा बसला. तेव्हापासून आमच्या घरात या अल्बमचं नाव 'कुरडयांची कॅसेट'.

दर डिसेंबरात 'थंडीत ऐकायचे मेटल अल्बम' अशा याद्या फिरतात. मेटल म्हणजे हेवी मेटल, जड गिटारचं रॉक. सगळं नॉर्वेचं : बर्फ, पाइनची जंगलं, चेहरे पांढरे-काळे रंगवलेली मंडळी. चांगलेच अल्बम आहेत, वाद नाही. पण डोंबिवलीत पंखा दोनवर ठेवून नॉर्वेच्याच एम्परर बँडचा 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' ऐकायचा आणि हुडहुडी भरल्याचं सोंग आणायचं, हे मला नाही जमत.

माझं म्हणणं सरळ आहे. मेटल हे मुळात पावसाचं संगीत आहे, हिवाळा त्याला नंतर चिकटला.

पुरावा नॉर्वेतलाच घ्या. एम्पररचा हा अल्बम आणि मेहेमचा 'डे मिस्टेरिस', गोठलेल्या मेटलचे हे दोन खांब, बर्गन शहरातल्या ग्रीगहालेन या सभागृहात रेकॉर्ड झाले. बर्गन हे युरोपातलं नावाजलेलं पावसाळी शहर. वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पडतो तिथे. आकडा ओळखीचा वाटला ना? मुंबईही त्याच घरातली, फक्त आपण तो चार महिन्यांत उरकतो. आणि एम्पररने रेकॉर्डिंग केलं कधी, तर १९९३च्या जुलैत! म्हणजे ज्याला आपण बर्फ समजतो तो छत्री घेऊन स्टुडिओत गेलेल्या पोरांनी वाजवलेला असावा, अशी मला दाट शंका आहे.

परत सॅबथकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. ऑक्टोबर १९६९मध्ये लंडनच्या एका स्टुडिओत या चौघांनी जवळजवळ अख्खा अल्बम एका दिवसात वाजवून टाकला. पाऊस आणि घंटा मागाहून जोडली. १३ फेब्रुवारी १९७०ला, मुद्दाम शुक्रवार गाठून, अल्बम बाजारात आला. बहुतेक लोक हेवी मेटलचा जन्म इथून धरतात. तसं धरलं तर मेटलचा पहिला आवाज गिटारचा नाही, पावसाचा आहे.

त्यानंतर येतात ते तीनच स्वर. मी ते बाबांच्या पेटीवर काढून बघितले : सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. संपलं. युरोपात या अंतराला सैतानाचं नाव चिकटलंय. आपल्या कानाला तो तीव्र मध्यम म्हणजे यमन, दिवेलागणीची वेळ. मियाँ मल्हारात तो औषधालाही नाही, तिथे शुद्ध मध्यम. म्हणजे आयोमीने पावसात संध्याकाळ घुसवली. आषाढात झड लागते, दुपारी तीनलाच घरात दिवे लावावे लागतात, टॉवेल चार दिवस वाळत नाहीत. तो अंधार या तीन स्वरांत जसाच्या तसा आहे. (बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी आयोमीच्या दोन बोटांची टोकं तुटली. आमच्या गॅलरीवर पत्राच होता. त्यावर सर धडधडायला लागली की मला हटकून ते आठवतं.)

झड एक, वळीव वेगळा. वळिवाचा अल्बम म्हणजे स्लेयरचा 'रेन इन ब्लड', १९८६. दहा गाणी, एकूण एकोणतीस मिनिटांच्या आत. साठच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूत अख्खा मावायचा, दुसरी बाजू फुकट! शेवटच्या गाण्याआधी गडगडाट होतो, गाणं गारांसारखं ताशा बडवून जातं, आणि मग उरतो नुसता पाऊस. वळीव असाच येतो. पत्रे उडवतो, वीज घालवतो, अर्ध्या तासात पसार.

भाद्रपदातली ती रेंगाळणारी, कंटाळलेली रिपरिप मात्र इंग्लंडच्या यॉर्कशरवाल्यांना कळते. माय डाइंग ब्राइडचा 'टर्न लूज द स्वॉन्स', त्यातलं ते रडवेलं व्हायोलिन. ऐका आणि चहा टाका. मे महिन्यासाठी कायस हा बँड. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जनरेटर लावून वाजवणारी पोरं ती, त्यांच्या गिटारला उन्हाची झळ लागते. टाइप ओ निगेटिव्हच्या 'ऑक्टोबर रस्ट'ने मात्र मला फसवलं. तो पानगळीचा अल्बम, आणि आपल्या ऑक्टोबरात घामाच्या धारा.

पावसाने आमच्या मेटलचं वाटोळंही केलं, तेही सांगतो. जुलै संपता संपता कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी धरायची. झाकणाच्या काचेतून दिसायची, पावावर येते तशीच. कॅसेट लावली की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा, आणि हेड काळं. मग पेन्सिलीने रीळ सोडवायचं, कापसाच्या बोळ्याने पुसायचं, पुन्हा गुंडाळायचं. एकदा पुसता पुसता रीळ तुटलं, ते सेलोटेपने जोडलं. माझ्या प्रतीत सॅबथचा गायक ऑझी एका ओळीतून थेट पुढच्या ओळीत उडी मारायचा. आजही फोनवर ते गाणं लागलं की त्या जागी उडी नाही म्हणून मी अडखळतो.

आणि तेव्हा ऑगस्टमध्ये मुंबईच्या धोबीतलावचं रंगभवन. इंडिपेंडन्स रॉक ही रॉक बँडांची मैफल, उघड्यावर, स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला. गुडघाभर चिखल, ओल्या जीन्स, शेवटच्या लोकलमध्ये शिंका देणारी काळ्या टीशर्टवाली टोळी. थंडीचं संगीत म्हणे!

२२ जुलै २०२५ला ऑझी गेला. आपल्याकडे बातमी आली तोवर मध्यरात्र झाली होती. सकाळी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"कोण रे?"

"कुरडयांच्या कॅसेटवाला."

"अरे अरे," म्हणाली. मग जरा वेळाने, "लाव की मग."

लावला. पाऊस, गडगडाट, घंटा. बाहेरही कोसळत होता. आईने हातातली मेथी खाली ठेवली आणि सवयीने गॅलरीतल्या दोरीकडे बघितलं.