स्वॅलोटेल फुलपाखरं नुसती शोभेची नाहीत

‘स्वॅलोटेल फुलपाखरं दिसायला देखणी, पण बागेला उपयोग शून्य. सोंड लांब असल्यामुळे अंगाला पराग लागतच नाहीत. परागीभवन मधमाश्या करतात, ही फक्त मकरंद पळवतात. वर यांच्या अळ्या लिंबाचं झाड फस्त करतात. अळी दिसली की मारा.’ असा मजकूर सध्या बागप्रेमींमध्ये फिरतोय. (स्वॅलोटेल हे मोठ्या फुलपाखरांचं एक कुळ; त्यातल्या अनेकांच्या मागच्या पंखांना शेपटीसारखं टोक असतं.) तो वाचून लोक फवारणीचा पंप उचलतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

सोंड लांब असते, हे खरं. पण पराग सोंडेलाच लागले पाहिजेत असं कुठे आहे? शंकासुराच्या फुलावर स्वॅलोटेल आलं की जरा जवळ जाऊन बघा. फुलातून दहा लांब लाल पुंकेसर पाकळ्यांच्या कितीतरी पुढे आलेले असतात आणि पराग त्यांच्या टोकांशी. मकरंद मात्र आत, मुळाशी. फुलपाखरू सोंड आत घालतं, पण पंख मिटून स्वस्थ बसत नाही. मकरंद पिताना पंखांची थरथर चालूच असते आणि ते पंख पुंकेसरांवर घासत राहतात. शंकासुराचे पराग फुलपाखरांच्या पंखांवरून दुसऱ्या फुलाकडे जातात, हे १९७९मध्येच अभ्यासातून मांडलं गेलं आहे.

२०१५मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या फ्लेम अझेलिया या फुलझुडपाचा अभ्यास तर आणखी बोलका आहे. त्या फुलात परागकोश (पराग असतात तो भाग) आणि कुक्षी (पराग स्वीकारणारा भाग) एकमेकांपासून इतके दूर असतात की लहान मधमाशीचं अंग एकाच भेटीत दोन्हींना सहसा लागत नाही. टायगर स्वॅलोटेलचे रुंद पंख मात्र दोन्हीकडे पोचतात. संशोधकांनी काही फुलांना मधमाशी आत जाईल पण मोठं फुलपाखरू जाणार नाही अशा जाळ्या लावल्या, तेव्हा फळधारणा कोसळली. ‘पराग लागतच नाहीत’ हे विधान इथेच संपतं.

मधमाश्यांबद्दल म्हणाल, तर बहुतेक भाज्या-फळांचं काम त्याच करतात, यात वादच नाही. दुधी-काकडीला फळं धरावीत म्हणून स्वॅलोटेलची वाट बघत बसू नका. पण मधमाशीच्या डोळ्याला लाल रंग नीट दिसत नाही. तिच्याकडे अतिनील, निळा आणि हिरवा एवढेच तीन प्रकाशग्राहक, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशींचे प्रकार, असतात. पॅपिलिओ झूथस या स्वॅलोटेलच्या डोळ्यात किमान सहा प्रकारचे आढळले आहेत आणि त्यात लाल आहे. लालभडक, लांब नळीच्या फुलांना असं गिऱ्हाईक लागतंच.

राहिल्या अळ्या. त्या पानं खातात, आणि कुंडीतल्या कोवळ्या रोपाला दोन-चार अळ्याही जड जातात. ही तक्रार खरी आहे. मोठं झाड मात्र तेवढी पानं सहज भरून काढतं. लिंबावरची अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून दुतोंडी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घाबरू नका, ती चावत नाही. ती बसलीय ते पान देठासकट खुडा आणि लिंबाच्याच मोठ्या झाडावर नेऊन ठेवा. फुलोऱ्यावर कीटकनाशक मारलंत, तर ज्यांची बाजू तो फिरणारा मजकूर घेतो त्या मधमाश्याही मरतील.